शास्त्रभांडाराची दारे उघडी असावीत
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात वाघोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पन्नास वर्षे अखंड कार्य करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर बोलावयास मिळणे हा मी माझा गौरव समजतो. या शुभवर्षात ग्रंथालय, छोटेखानी प्रदर्शन दालन आणि भोवती उद्यान असे संकुल उभारावे, असा विचार विश्वस्तांच्या मनात घोळत आहे. त्यानिमित्त 'ग्रंथालय, संग्रहालय आणि उद्यान यांतून ज्ञानोपासना कशी घडते' या विषयावर मी बोलावे, अशी आज्ञा झाली. विषय मोठा आहे. म्हणून महाराष्ट्रातील काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे मी एकच मुद्दा मांडणार आहे. संग्रह करणे हे ज्ञानदानाचे अर्धे कार्य आहे. त्या संग्रहाची सूची करणे, तो अभ्यासकांना खुला करणे, लोकांना दाखविणे आणि त्यावर बोलणे हे उरलेले अर्धे कार्य होय. आणि आपल्या समाजाच्या उदार हातांची आज या दुसऱ्या अर्ध्यालाच अधिक गरज आहे.

दानाची परंपरा

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने आपल्याला बालपणापासून ठाऊक आहेत. वाघोलीला दानाचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १९९३ च्या भूकंपाने उघड्यावर पडलेल्या लातूर-उस्मानाबाद परिसरातील मुलांच्या निवासाची आणि शिक्षणाची व्यवस्था भारतीय जैन संघटनेने याच भूमीवर केली, हे सर्वश्रुत आहे. अन्न, औषध आणि आसरा देण्यात आपला समाज कधी मागे राहिला नाही. प्रश्न आहे तो शास्त्रदानाचा.

प्राचीन काळी शास्त्रदान म्हणजे काय होते? दहाव्या शतकात कर्नाटकातील दानचिंतामणी अत्तिमब्बे हिने कवी पोन्न याच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेऊन त्या वाटल्या, असे परंपरा सांगते. मुद्रणयंत्र नसलेल्या काळात एक हजार प्रती! त्या तिने कोठारात रचून ठेवल्या नाहीत. त्या घरोघरी पोहोचविल्या. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस ज्या पुष्पिका आणि प्रशस्ती आढळतात, त्यांत लेखकाचे, लेखनस्थळाचे आणि बहुधा प्रत लिहवून घेणाऱ्या श्रावक-श्राविकेचे नाव असते. दात्याचे नाव तेव्हा भिंतीवर लागत नसे, ते ग्रंथाच्या शेवटच्या पानावर लागत असे. त्या काळच्या कित्येक वास्तू आज उरल्या नाहीत. पुष्पिकेतील नावे मात्र वाचता येतात.

संरक्षणाचीही आपली एक पद्धत होती. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, श्वेतांबर परंपरेत ग्रंथांची पूजा होते. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी मानली जाते. पावसाळा संपला की पोथ्या बाहेर काढाव्यात, धूळ झटकावी, दमट बंध उकलून हवा द्यावी आणि नव्या वस्त्रात बांधाव्यात, हा ज्ञानपंचमीचा व्यावहारिक अर्थ. पूजेच्या निमित्ताने दरवर्षी प्रत्येक पोथीस मनुष्याचा हात लागत असे. आज अनेक ठिकाणी पूजा उरली, पण बंध उकलण्याचे मात्र राहून गेले.

पुण्यातील एका पोथीचा प्रवास

येथून काही कोसांवर असलेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे उदाहरण पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्कालीन मुंबई सरकारने हस्तलिखिते मिळविण्याचे काम हाती घेतले. गेओर्ग ब्यूलर, फ्रान्झ कीलहॉर्न, पीटर पीटरसन आणि आपले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी गुजरात, राजस्थान आणि दख्खनमध्ये हिंडून पोथ्या जमविल्या. ब्यूलर १८७४ साली जैसलमेरच्या भांडारात गेले तेव्हा त्यांच्यासमवेत तरुण हेर्मान याकोबी होते. पुढे याकोबींनी कल्पसूत्राचे संपादन केले आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, हा युरोपात रूढ झालेला समज साधार खोडून काढला. भांडाराचे दार एका अभ्यासकास उघडले, आणि त्याचा असा परिणाम झाला.

हा सरकारी संग्रह १८७८ साली डेक्कन महाविद्यालयात आला. भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाने संशोधन मंदिर स्थापन झाले आणि दुसऱ्या वर्षी संग्रह तेथे हलविण्यात आला. आज तेथे सुमारे २८ हजार हस्तलिखिते आहेत. जैन ग्रंथांचा त्यांतील वाटा मोठा आहे.

त्यांतील एका कागदी पोथीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ती आहे उद्द्योतनसूरींच्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथाग्रंथाची. हा ग्रंथ राजस्थानातील जालोर येथे शक ७०० संपण्यास एक दिवस उरला असता, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, पूर्ण झाला. त्याच्या दोनच महत्त्वाच्या प्रती अभ्यासकांच्या हाती आल्या : एक जैसलमेरची ताडपत्री आणि दुसरी ही पुण्याची. पोथी नुसती कपाटात असती तर ती एक बंध आणि एक क्रमांक एवढीच राहिली असती. परंतु पुढे तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट व्याख्यानाची. नोव्हेंबर १९१९ मध्ये पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यात भांडारकर मंदिरात भरली. तेथे मुनी जिनविजयजींनी आचार्य हरिभद्रसूरींच्या कालनिर्णयावर निबंध सादर केला. परंपरेने हरिभद्रसूरींचा काळ सहाव्या शतकात धरला जाई. उद्द्योतनसूरींनी कुवलयमालेत हरिभद्रांचा आपले विद्यागुरू म्हणून उल्लेख केला आहे. शिवाय हरिभद्रांच्या ग्रंथांत नंतरच्या काळातील तार्किकांची मते येतात. अशा आधारांवरून जिनविजयजींनी त्यांचा काळ आठव्या शतकात निश्चित केला आणि विद्वानांनी तो मान्य केला. परंपरेवर श्रद्धा असलेल्या मुनीने पुराव्याच्या बळावर परंपरागत तिथी बदलावी, आणि त्यात धर्माचे काही उणे होऊ नये, ही घटना आपण आवर्जून स्मरणात ठेवावी.

दुसरी गोष्ट सूचीची. भांडारकर मंदिरातील जैन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड १९३५ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ते काम केले हीरालाल रसिकदास कापडिया यांनी, जे मूळचे गणिताचे अभ्यासक होते. पोथीची पाने किती, एका पानावर ओळी किती, आरंभ कोठे, शेवट कोठे, अक्षर कसे, अशी प्रत्येक पोथीची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९४४ साली प्रा. हरि दामोदर वेलणकर यांचा 'जिनरत्नकोश' याच संस्थेने प्रसिद्ध केला. कोणता जैन ग्रंथ कोणत्या भांडारात आहे, हे त्यातून अकारविल्हे कळते. आजही जैन साहित्यावर काम करणारा अभ्यासक, तो पुण्यातला असो वा जर्मनीतला, प्रथम हा कोश उघडतो.

तिसरी गोष्ट संपादनाची. बेळगाव जिल्ह्यातील सदलगे गावी जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी या दोन प्रती ताडून कुवलयमालेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचा मूळ संहितेचा भाग १९५९ मध्ये आणि अभ्यासपूर्ण दुसरा भाग १९७० मध्ये प्रकाशित झाला. या ग्रंथात नाना देशांतून आलेल्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे. त्यांत मरहट्टे लोक आहेत, त्यांचे रूप-स्वभाव आहेत आणि त्यांच्या बोलीतले शब्दही आहेत. मराठी भाषेच्या प्राचीनत्वाचा विचार करताना हा उल्लेख वारंवार पुढे येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय एकाच दिवशी घेतला. या दोन भाषांचे नाते किती जवळचे आहे, हे जालोरच्या एका जैन आचार्याने साडेबाराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. आणि ते आपणांस कळले, कारण पोथी जपली गेली, वाचली गेली आणि छापली गेली.

कुलूप आणि किल्ली

आता दुसरे उदाहरण. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका नवव्या शतकातील. तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांत बसदीत होत्या. शतकानुशतके त्यांचे दर्शन घडे, वाचन घडत नसे. ज्यांनी त्या सांभाळल्या त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी सांभाळल्या नसत्या तर वाचावयास काहीच उरले नसते. परंतु ताडपत्रास आयुष्य असते. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी हे ओळखले. त्यांच्या प्रयत्नाने १८९६ साली प्रत उतरविण्यास आरंभ झाला. त्या कामासाठी श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांची योजना झाली. प्रतिलिपीचे हे काम अनेक वर्षे चालले.

मुद्रणाचा मान मात्र विदर्भास मिळाला. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचे शिवधनुष्य उचलले. पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि सोळा खंड पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. शास्त्र छापणे हा अविनय आहे, असे मानणारेही त्या काळी होते. आज त्याच खंडांवरून मुनिसंघांत स्वाध्याय चालतो. दात्यांनी येथे मंदिर बांधले नाही, धर्मशाळा बांधली नाही; त्यांनी लेखकांचे, पंडितांचे आणि कागदाचे पैसे दिले.

हाच प्रश्न जगात इतरत्रही उद्भवला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन मरिनो येथे हंटिंग्टन नावाची संस्था आहे. हेन्री हंटिंग्टन या रेल्वे-उद्योजकाने १९१९ साली ती स्थापिली. एकाच आवारात दुर्मिळ ग्रंथांचे ग्रंथालय, कलासंग्रहालय आणि शंभराहून अधिक एकरांचे वनस्पती-उद्यान असे तिचे स्वरूप. मृत समुद्राजवळील गुहांत सापडलेल्या प्राचीन हिब्रू गुंडाळ्यांची छायाचित्रे तिच्याकडे होती. त्या गुंडाळ्यांपैकी अप्रकाशित भाग मोजक्या विद्वानांखेरीज अनेक दशके कोणास पाहता येत नसे. सप्टेंबर १९९१ मध्ये या ग्रंथालयाने आपल्याकडील छायाचित्रे सर्व अभ्यासकांना खुली करण्याचे जाहीर केले. विरोध झाला, परंतु काही महिन्यांतच ती मक्तेदारी संपुष्टात आली. मूडबिद्री आणि सॅन मरिनो यांत हजारो मैलांचे अंतर आहे, तरी बोध एकच. कुलूप लावणाऱ्याने किल्ली कोणाला द्यायची, हेही ठरविले पाहिजे.

संग्रहालय आणि उद्यान

संग्रहालयाचे उदाहरण मुंबईतील राणीच्या बागेतले घेतो, कारण तेथे वस्तू आणि वृक्ष एकाच आवारात आहेत. मुंबईतील पहिले संग्रहालय फोर्ट भागातील टाऊन बॅरक्समध्ये होते. १८५७ साली ती जागा सैन्याला हवी झाली, वस्तू घाईघाईने हलविण्यात आल्या आणि पुष्कळ खराब झाल्या. त्यावर नामदार जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी पुढाकार घेतला, लोकवर्गणी जमविली आणि भायखळ्याच्या उद्यानात स्वतंत्र इमारत उभी केली. २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. १९७५ साली तिला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. ते योग्यच होते. कारण भाऊ दाजी हे प्रख्यात वैद्य तर होतेच, शिवाय शिलालेख आणि नाणी वाचणारे व्यासंगी संशोधकही होते. पुढे ही वास्तू जीर्ण झाली. महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्या सहकार्याने तिचे नूतनीकरण झाले, त्यास २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ मध्ये दालने पुन्हा उघडली. त्यानंतर तेथे विशेष प्रदर्शने, व्याख्याने आणि मुलांसाठी उपक्रम भरू लागले. वस्तू जुन्याच आहेत, त्यांच्याविषयी बोलणारी माणसे नवी आली.

आपल्या दालनात काय मांडावे? सोन्या-चांदीच्या वस्तू नसल्या तरी चालेल. एक पोथी कशी तयार होते, एवढे दाखविले तरी दालन भरेल. दक्षिणेत ताडपत्रावर बहुधा लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून त्यांत काजळी भरत. पश्चिम भारतात शाईने लिहीत. पाने दोरीत ओवण्यासाठी मध्यभागी छिद्र असे. पुढे कागद आला, दोरी गेली, तरी लेखक पानाच्या मध्यभागी तेवढी जागा मोकळी सोडत राहिले आणि तेथे तांबडा ठिपका काढू लागले. चुकलेल्या अक्षरावर पिवळी हरताळ लावून ते झाकीत. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. जुन्या जैन लिपीत एकाराची मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता मागे देत, तिला पृष्ठमात्रा म्हणतात; ती न कळणाऱ्यास शब्द भलताच वाचला जातो. शाळेतील मुलास या चार गोष्टी दाखविल्या, त्याच्या हाती बोरू आणि कागद दिला, तर तो पोथीकडे पुन्हा परक्या नजरेने पाहणार नाही.

उद्यानही या अभ्यासाचाच भाग व्हावे. ज्याची पाने लिहिण्यास वापरीत तो श्रीताल वृक्ष किती जणांनी पाहिला आहे? पोथीस कीड लागू नये म्हणून बंधात ठेवले जाणारे वेखंड, कडुनिंब, शाईत मिसळावयाचा डिंक देणारी बाभूळ, ही झाडे ग्रंथालयाच्या दारात असावीत. प्रत्येक तीर्थंकरांच्या केवलज्ञानाशी एक वृक्ष निगडित आहे. भगवान ऋषभदेवांचा वड आपल्या मातीत सहज वाढतो. भगवान महावीरांचा शाल मात्र उत्तर आणि मध्य भारतातील वनांचा, तो पुण्याच्या हवेत कितपत तग धरील, हे वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांस विचारूनच ठरवावे. झाडापाशी मराठी नाव, प्राकृत नाव आणि शास्त्रीय नाव अशी पाटी लावावी. पुण्यातील एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्था १८३० साली स्थापन झालेली आहे. तेथील जानेवारीतील पुष्पप्रदर्शनास पुणेकर मुलाबाळांसह जातात. उद्यानातही प्रदर्शन भरते आणि शिकावयास मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे.

व्याख्यानांविषयी पुण्याला सांगणे म्हणजे काशीला जाऊन गंगा दाखविणे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. एवढेच सुचवितो की वर्षातून चारच व्याख्याने ठेवावीत, पण प्रत्येक आपल्या संग्रहातील एखाद्या वस्तूवर किंवा ग्रंथावर असावे आणि लिहून घेऊन छापले जावे.

विश्वस्तांना नम्र विनंती

अखेरीस मूळ मुद्द्यावर येतो. इमारतीसाठी निधी लवकर जमतो, कारण इमारत दिसते. सूचीकाराचे मानधन, ग्रंथपालाचा पगार, आर्द्रता मोजण्याचे उपकरण, आम्लविरहित कागदाची वेष्टने, हे खर्च दिसत नाहीत आणि दरवर्षी करावे लागतात. म्हणून जमणाऱ्या निधीचा ठरावीक भाग ठेव म्हणून बाजूस काढावा आणि त्याच्या व्याजावर हे काम चालावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

दुसरी विनंती नोंदीची. वाघोली, नगर रस्ता आणि शिरूरपर्यंतच्या कुटुंबांत, मंदिरांत, स्थानकांत ज्या पोथ्या, जुनी पंचांगे, वह्या आणि पत्रे आहेत, त्यांची यादी करावी. मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहो. नोंद आणि छायाचित्र मात्र येथे असो. घर बदलताना, वाटण्या होताना, जुने सामान रद्दीत देताना किती बंध नाहीसे होतात, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. ज्या कुटुंबातील मोडी आणि जुनी नागरी वाचणारी शेवटची पिढी वृद्ध झाली आहे, तेथे हे काम उद्यावर टाकता येणार नाही.

तिसरी विनंती वाचणाऱ्यांची. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना प्राकृत आणि लिपीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती द्यावी, त्यांच्या जातिधर्माची विचारणा न करता. याकोबी जैन नव्हते, वेलणकर जैन नव्हते. त्यांच्या हातून झालेली सेवा आपण आज कृतज्ञतेने भोगतो आहोत. आणि चौथी विनंती, वाचनकक्षाची वेळ दारावर लिहावी आणि त्या वेळेस दार उघडे असावे.

वाघेश्वराच्या मंदिराचे आणि दगडखाणींचे हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत सामील झाले. उंच इमारती चहूबाजूंनी उठत आहेत, नवी कुटुंबे येत आहेत, आणि त्यांच्या मुलांना सायंकाळी जाण्यास शांत, सावलीची, पुस्तकांची जागा हवी आहे. आपले संकुल त्या सर्वांचे व्हावे. अत्तिमब्बेच्या प्रती ज्यांनी घेतल्या त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत, पण ग्रंथ टिकला. आपल्या संस्थेच्या शताब्दीस येथे जमणाऱ्यांनी संगमरवरी फलक वाचण्याऐवजी आपण केलेली सूची उघडावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.